पाळी जाताना जीव का घाबरतो?



आपल्या त्रैमासिकात बहुधा वस्तीवरच्या मुलांची शाळा, वसतिगृह, औषधपाणी यांविषयी वाचायला मिळते. या वेळी त्या मुलांच्या आयांविषयी आणि आज्यांविषयी लिहिते आहे. विषय मंडळीत मोठ्याने बोलला जात नाही असा आहे. पाळी जाण्याच्या वयात बाईच्या मनात जी भीती शिरते ती कुठून येते, आणि रोजच्या साध्या उपायांनी तिला कसे आवरता येते, हे सांगायचे आहे. बंधूंनी पान उलटू नये; तुमच्या घरातही हे घडून गेले आहे, चालू आहे किंवा पुढे घडणार आहे.

मी बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केले. आता बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या पारधी वस्त्यांवर, आणि हंगामात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या बाजूंना ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर आमच्या गटाबरोबर जाते. रक्तदाब मोजायला रांग लागते. त्या रांगेतल्या चाळिशी-पंचेचाळिशीच्या बायका वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या जातीजमातींच्या असतात, पण तक्रारीचे शब्द जवळजवळ तेच. "सिस्टर, जीव घाबरा होतो." "छातीत धडधडतं." "अंगातून वाफा निघत्यात." "रातच्याला दचकून जाग येती, मग डोळाच लागत नाही." "उगंच रडू येतं, मग पोरांवर वरडते." पट्टा बांधून पाहावे तर रक्तदाब पुष्कळदा ठीक असतो.

अशा बाईला गावात तीन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, हृदयाचे दुखणे आहे, मोठ्या दवाखान्यात जा. दुसरा म्हणतो, बाहेरचं झालंय, देवऋषी बघ. तिसरा म्हणतो, पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. तिन्हींना पैसे लागतात, आणि तिसऱ्यात जे जाते ते परत येत नाही. म्हणून या वयात शरीरात काय चालते हे बाईला स्वतःला कळणे फार गरजेचे आहे.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे पाळी गेली, असे वैद्यकशास्त्र मानते. आपल्या देशात हे साधारण सेहेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास घडते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या सुमारास. पण त्रास असतो तो त्याच्या अलीकडच्या काळात. पाळी कधी वीस दिवसांनी येते, कधी दोन महिन्यांनी, कधी अंगावरून फार जाते. ही धरसोड चार-चार, कधी आठ वर्षेही चालते. या दिवसांत अंडाशयांतून येणारे इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक सरळ उतारावर लागल्यासारखे कमी होत नाही; आज जास्त, उद्या एकदम कमी, असे हेलकावे खाते. या संप्रेरकाचा संबंध फक्त पाळीशी नसतो. मेंदूत मन शांत ठेवणारी जी द्रव्ये असतात, त्यांच्या कामातही त्याचा हात असतो. शरीराचे तापमान सांभाळणारी मेंदूतली जागाही त्यामुळे बिथरते. थोडीशी उष्णता झाली तरी तिला वाटते, अंग फार तापले. मग ती रक्त कातडीकडे पाठवते, घाम सोडते, हृदयाला जोरात पळवते. हीच ती वाफ. ती बहुधा एक ते पाच मिनिटे राहते आणि जाते.

आता बघा, छाती धडधडणे, घाम सुटणे आणि चेहरा तापणे ही तिन्ही लक्षणे भीतीचीही आहेत. वाघ दिसला तरी हेच होते. म्हणून वाफ आली की मन शरीराकडे बघून समजते, काहीतरी भयंकर घडते आहे. बाई घाबरते. घाबरली की धडधड वाढते आणि धडधड वाढली की ती आणखी घाबरते. त्यात रात्रीच्या घामाने झोप मोडलेली असते, आणि झोप नसलेल्या माणसाला लहान गोष्टही मोठी वाटते. हे चक्र एकदा समजले की अर्धी भीती तिथेच उतरते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. पुष्कळ बायकांना गोळीआधी हे दोन मिनिटांचे स्पष्टीकरण हवे असते आणि तेच कोणी देत नाही.

अर्थात प्रत्येक भीती संप्रेरकांची नसते, हेही इथेच सांगायला हवे. पारधी समाजावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण रात्री वस्तीवर गाडीचा उजेड पडला की बाई आजही उठून बसते. मुकादमाची उचल फिटलेली नाही, मुलीचे लग्न ठरत नाही, नवरा पितो, पाल कधी उठवतील याचा नेम नाही. या भीतीला कारण आहे, आणि तिथे "दीर्घ श्वास घ्या" एवढेच सांगून निघून येणे मला पटत नाही. तिथे उचलीचा हिशेब, जातीचा दाखला, रेशनकार्ड यांसाठी सोबत जावे लागते. पण त्याच बाईला पाळी जाण्याचा त्रासही असतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. त्यांतला जो भाग हाताळता येतो तो हाताळला की दुसऱ्याला तोंड द्यायला बळ उरते.

पिशवीविषयी थोडे सविस्तर सांगते. आपल्याकडच्या कारखान्यांवर ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्यांत बीड जिल्ह्यातल्या टोळ्या पुष्कळ. तिथल्या बायकांच्या पिशवीच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ साली विधिमंडळात झाली. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. तुलनेसाठी सांगते, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या थोडे वर होते. कामाचा एक दिवस बुडाला की खाडा पडतो, पाळीच्या दिवसांत उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी, आणि वर कोणीतरी कॅन्सरची भीती घातलेली. पिशवी काढण्याचा निर्णय असा होतो. पुढे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही गरज नसताना होणाऱ्या या शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला.

कोप्यांवर मला अशा बायका भेटतात. त्यांचा समज असा की पिशवी गेली म्हणजे पाळीबरोबर सगळा त्रासही गेला. इथे एक फरक लक्षात घ्यावा. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तर संप्रेरके चालू राहतात. मात्र पाळीच येत नसल्यामुळे पुढे संप्रेरके खरोखर कमी होऊ लागली की तिला त्याची खूण मिळत नाही, आणि ती थोडी लवकरही कमी होऊ शकतात. पस्तिशीत पिशवी काढलेली बाई बेचाळिसाव्या वर्षी अचानक घाबरू लागते आणि तिला वाटते, आपल्याला वेड लागले. दोन्ही अंडाशयही काढले असतील तर पाळी जाणे काही दिवसांतच घडते. जे शरीर वर्षानुवर्षे हळूहळू शिकते ते एका आठवड्यात अंगावर येते. अशी बाई पंचेचाळीसच्या आतली असेल तर तिने स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर भेटावे, कारण हाडांना आणि हृदयालाही संप्रेरकांची उणीव लागते आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक बाईला मी एकच प्रश्न विचारते, "कागद आहे का?" दवाखान्याचा तो कागद जपून ठेवायला सांगते. काय काढले आणि काय ठेवले हे त्यावरच लिहिलेले असते.

आता रोजच्या उपायांकडे येते. पुस्तकात लिहिलेले असते, थंड खोलीत झोपा, रोज चाला, ताण घेऊ नका. पहाटे उठून भाकरी थापून फडात जाणाऱ्या आणि दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईला "व्यायाम करा" सांगताना मला माझीच लाज वाटेल. तिला हवी आहे ती विश्रांती. उलट आपल्या मंडळीतल्या, दिवसभर घरात असणाऱ्या भगिनींना चालणे हे खरोखर औषध आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास, थोडा दम लागेल असे. बारामतीत कालव्याच्या कडेने सकाळी चालणाऱ्या बायका दिसतात. त्यांत दोघी-तिघी मिळून गेलात तर गप्पाही होतात, आणि त्या गप्पांचा गुण मी चालण्याइतकाच मानते.

श्वासाचा उपाय मात्र कोपीतही चालतो आणि बंगल्यातही. वाफ आली किंवा धडधड सुरू झाली की आपण भराभर, छातीच्या वरच्या भागातून श्वास घेतो. त्याने हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि भीती वाढते. करायचे एवढेच की श्वास सोडणे लांबवायचे. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, पाच मिनिटे. ज्यांना मोजणे जमत नाही त्यांना मी फुंकणीची आठवण देते. चुलीत जाळ धरावा म्हणून आपण कशी सावकाश, लांब फुंकर घालतो, तशी फुंकर घाला. बायका हसतात आणि लगेच करून दाखवतात. हे काम असे होते, की लांब उच्छ्वासाने हृदयाचा वेग कमी करणारी नस जागी होते. पण त्रास नसतानाही सकाळ-संध्याकाळ सराव ठेवावा लागतो, नाहीतर ऐन वेळी आठवत नाही.

दुसरी गोष्ट मशेरी. यावर मी जरा कठोर बोलते, बायका रागावतात, रागावू देत. आपल्या भागात सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना मशेरी लावल्याशिवाय चैन न पडणाऱ्या बायका घरोघरी आहेत, वस्तीवर आहेत आणि मंडळीतही आहेत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखूतले निकोटिन हृदयाचे ठोके वाढवते. लावल्यावर क्षणभर बरे वाटते, कारण आधीची तलफ भागते; थोड्या वेळाने ती उतरली की पुन्हा अस्वस्थता, पुन्हा डबी. जिला आधीच धडधडते आहे तिने हे करणे म्हणजे जळत्या चुलीत रॉकेल ओतणे. तोंडाच्या कॅन्सरचे तर वेगळे सांगायला नको. एकदम सुटत नाही. म्हणून आधी रात्रीची बंद करायला सांगते, कारण तिचा परिणाम थेट झोपेवर होतो. मग दुपारची. तलफ आली की बडीशेप, लवंग किंवा नुसती चूळ भरणे. काही मिनिटे काढली की तलफेचा जोर उतरतो.

चहाचेही थोडे तसेच. चहा सोडा असे मी म्हणणार नाही, कष्टकऱ्याला तेवढेच सुख असते. दुपारी चारनंतर घेऊ नका, आणि रिकाम्या पोटी दोन-दोन कप चहावर दुपार काढू नका. उपाशी पोटी हात थरथरतात, घाम येतो, जीव कासावीस होतो, आणि बाईला वाटते भीतीचा झटका आला. वेळेवर भाकरी खाणे हासुद्धा उपायच. ज्वारी-नाचणीची भाकरी, भाजलेले तीळ, शेंगदाणे, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडे किंवा मासळी. तिळात आणि नाचणीत कॅल्शियम आहे, ते या वयात हाडांना लागतेच.

झोपेसाठी: एक जाड वाकळ घेण्यापेक्षा दोन पातळ पांघरुणे घ्या, म्हणजे घाम आला की एक बाजूला सारता येते. कपडे सुती आणि सैल. उशाशी तांब्या आणि ओला फडका ठेवा. मानेवर आणि मनगटांवर तो फिरवला की वाफ लवकर ओसरते. जाग आली तर घड्याळाकडे किंवा मोबाइलकडे बघू नका. किती वाजले हे कळले की हिशेब सुरू होतो, किती तास उरले, उद्या काम कसे होणार.

आता मनाला काय सांगायचे? इंग्लंडमध्ये मायरा हंटर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर बरेच काम केले. वाफा आल्यावर बाई स्वतःशी काय बोलते ते बदलायला शिकवले, श्वासाचा सराव दिला, तर वाफा येत राहिल्या तरी त्यांचा जाच कमी होतो, असे त्यांच्या २०१२ च्या प्रयोगात दिसले. गटात शिकवले तरी चालले आणि पुस्तिका देऊन घरी करायला सांगितले तरी चालले. आमच्या वस्तीवर पुस्तिका वाचणाऱ्या थोड्या, म्हणून आम्ही वाक्य ठरवतो. "मला काहीतरी होणार" याऐवजी "ही वाफ आहे, आली तशी जाईल." मनात नाही, तोंडाने म्हणायचे. एका पारधी आजींनी ते आपल्या भाषेत करून घेतले आणि आता त्या सुनेला शिकवतात.

नोंद ठेवणे हाही एक उपाय. घरी भिंतीवर कालनिर्णय असते, त्यावर दुधाचा आणि गॅसचा हिशेब आपण लिहितोच. तिथेच त्रास झाला त्या दिवशी फुली करा. लिहिता येत नसेल तर कोळशाने कुडावर रेघ ओढा. पंधरा दिवसांनी दिसते की त्रास चुलीपाशी, चहानंतर किंवा पहाटे जास्त होतो. कधी कळते की भीती येते ती बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी नवरा पिऊन येतो. मग उपायही वेगळा ठरतो.

सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे बोलणे, आणि इथे आपल्या मंडळीच्या भगिनींना फार करण्याजोगे आहे. झिम्बाब्वे देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. तिथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आजीबाईंना प्रशिक्षण दिले आणि दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसवले. दुःखी माणसाने त्या बाकावर बसायचे, आजीने ऐकायचे आणि एक अडचण निवडून तिच्यातून वाट शोधायला मदत करायची. तिथल्या भाषेत या दुखण्याला 'फार विचार करणे' अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडच्या बायकाही "लई इचार येत्यात" असेच म्हणतात. आपल्या शेजारी गोव्यातही संगाथ या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत साध्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत दिली, आणि तिचा गुण आल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. ऐकण्यासाठी पदवी लागत नाही, पण शिकावे लागते. मध्येच तोडायचे नाही, "माझं तर याहून वाईट झालं" म्हणायचे नाही, आणि ऐकलेले दुसऱ्या घरी न्यायचे नाही. ही तिसरी अट आपल्या महिला मंडळांना सर्वांत जड जाते, असे मी प्रेमाने म्हणते.

प्रार्थनेविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. प्रार्थनेने पुष्कळ भगिनींना शांती मिळते, मलाही मिळते. मात्र घाबरलेल्या बहिणीला "तुझा विश्वास कमी पडतो" असे कोणी सांगू नये. मधुमेह झालेल्याला आपण असे म्हणत नाही. तिच्यासोबत प्रार्थना करा आणि नंतर तिला तपासणीलाही न्या.

तपासणी का, तर दोन दुखणी हुबेहूब असाच वेष घेऊन येतात. एक रक्त कमी असणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्ताची कमतरता आढळली, आणि त्यानेही धडधड आणि दम लागतो. दुसरे थायरॉइड. दोन्ही रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी जावे. पुढे गरज पडली तर बारामतीला सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे. पुढील गोष्टींत मात्र वाट बघू नये: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, छातीतले दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले, धडधडीबरोबर भोवळ येऊन पडली, भीतीने घराबाहेर पडणेच बंद झाले, किंवा जगणे नको वाटू लागले.

शेवटच्या दोन्हींसाठी सरकारची टेलिमानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येते. वस्तीवर मोबाइल बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, आणि त्यांच्यासमोर बाई बोलत नाही. म्हणून आम्ही तपासणीच्या दिवशी आमचा एक फोन बाजूला ठेवतो आणि झाडाखाली एक सतरंजी टाकून देतो. तुमच्या मंडळीतल्या कोणा भगिनीला आठवड्यातली एक दुपार मोकळी असेल, तर त्या सतरंजीवर बसायला यावे.